पैशाची दरी आणि जातीची: कोवळ्या प्रेमाच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

1 ऑगस्ट 2025 रोजी 'धडक 2' प्रदर्शित झाला आणि 2018 सालचा एक वाद पुन्हा वर आला. 'सैराट'चा हिंदी अवतार 'धडक' करताना जात जवळपास बाजूला ठेवून तिथे घराण्याचा बडेजाव आणि श्रीमंती-गरिबी का आणली, हा तो वाद. मूळ कलाकृतीशी इमान राखलं की नाही, एवढ्यापुरताच तो मानला गेला. प्रत्यक्षात त्याची मुळं खूप मागे जातात. शाळा-कॉलेजच्या वयातल्या दोघांच्या मधली भिंत पैशाची दाखवायची की जातीची, यावर आपल्याकडच्या प्रेमपटांचा शेवट ठरत आला आहे.

बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात ही भिंत थेट जातीची होती. 1936 च्या 'अछूत कन्या'मध्ये ब्राह्मण मुलगा आणि अस्पृश्य मुलगी लहानपणापासून एकत्र वाढतात, लग्नं मात्र दुसरीकडे होतात आणि शेवटी रेल्वे फाटकावर तिचा जीव जातो. 1959 च्या 'सुजाता'ने लग्न लावून दिलं, पण त्याआधी मुलीला रक्त देऊन आपलं माणूसपण सिद्ध करावं लागलं. त्यानंतरच्या व्यावसायिक हिंदी प्रेमपटात जात मागे सरली आणि तिची जागा बंगला विरुद्ध झोपडी या मांडणीने घेतली.

ही मांडणी तरुण वयात आणली ती 1973 च्या 'बॉबी'ने. मुंबईच्या धनाढ्य उद्योजकाचा मुलगा आणि गोव्याच्या ख्रिस्ती मच्छीमाराची मुलगी. नायिकेची भूमिका करणारी अभिनेत्री त्या वेळी खरोखरच सोळा वर्षांची होती. धर्म वेगळा, धंदा वेगळा, भाषेचा बाज वेगळा, तरीही चित्रपटात भांडण पेटतं ते पैशावरून. मुलाचा बाप मुलीच्या बापासमोर पैसे टाकतो आणि स्वाभिमानी कोळी भडकतो. शेवटी दोघं पाण्यात उडी घेतात आणि प्रत्येक बाप दुसऱ्याच्या लेकराला वाचवतो. भिंत अहंकाराची असल्यामुळे ती एका उडीत पडली. गोव्याच्या ख्रिस्ती समाजाचं दारू, नाच आणि भाबडेपणा एवढंच चित्र या चित्रपटाने देशभर रुजवलं, याचीही नोंद व्हायला हवी. त्याच्या गाण्यात कोंकणी सूर आला, पण कोंकणी माणूस काही नीटसा आला नाही.

पुढची पंधरा-वीस वर्षं याच पायवाटेची. 1981 च्या 'एक दूजे के लिए'ने गोव्यातच कथा ठेवून भाषेची भिंत उभी केली आणि दोघांना मारलं. 1988 च्या 'कयामत से कयामत तक'मध्ये दोन घराण्यांचं वैर होतं. 1989 च्या 'मैने प्यार किया'त श्रीमंताच्या मुलाला स्वतःच्या कष्टाने 2000 रुपये कमवून दाखवायचे होते. नायक घाम गाळतो, हाताला फोड येतात, रक्कम जमते. गरिबी ही काही दिवसांत उत्तीर्ण होता येईल अशी परीक्षा आहे, असं सांगणारा हा प्रसंग प्रेक्षकांना फार आवडला. मराठीत त्याच दशकात श्रीमंत बापाच्या मुली आणि खिशाने फाटके तरुण हा मामला विनोदाच्या हाती गेला. 1985 चा 'धुमधडाका' हे त्याचं ठळक उदाहरण. बापाला बनवलं की लग्न जमलं!

मराठीत शाळकरी वय गंभीरपणे पडद्यावर आलं ते बऱ्याच उशिरा. 2012 च्या जानेवारीत प्रदर्शित झालेल्या 'शाळा'ने आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग उभा केला. तिथला ताण वयाचा आणि घरच्या धाकाचा होता. दोन वर्षांनी, जानेवारी 2014 मध्ये 'टाइमपास' आला आणि तिकीटबारीवर मराठीने क्वचितच पाहिलेलं यश मिळवलं. दगडू दहावी नापास, पेपर टाकणारा, बाप रिक्षा चालवणारा. प्राजक्ता सुसंस्कृत, शुद्ध बोलणाऱ्या, संगीत जपणाऱ्या घरातली. दोघांच्या मधलं अंतर भाषा, शिक्षण आणि उत्पन्न यांचं आहे असं चित्रपट सांगतो. पण एक परब आणि दुसरी लेले. मराठी प्रेक्षकाला एवढं पुरतं. थिएटरमधल्या प्रत्येकाने ती आडनावं ऐकली आणि आपापल्या परीने समजून घेतली. चित्रपटाने मात्र त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यामुळे तो हसत-रडत पाहता आला आणि दुसऱ्या भागात दोघांना मोठेपणी पुन्हा भेटवताही आलं.

'टाइमपास' अजून चालू असतानाच, 14 फेब्रुवारी 2014 ला 'फँड्री' लागला. जब्या कैकाडी समाजातला, शालू वरच्या जातीतली, दोघं एकाच वर्गात. इथे प्रेमकथा म्हणावी असं काही घडतच नाही. चिठ्ठी तिच्यापर्यंत पोचत नाही, काळी चिमणी हाती लागत नाही, आणि गावासमोर डुकरं पकडावी लागतात तेव्हा ती बघणाऱ्यांच्या घोळक्यात असते. जब्याला जीन्स हवी आहे, म्हणजे पैशाची उणीव इथेही आहे. पण जीन्स मिळाली असती तरी त्या दुपारी काही बदललं नसतं. शेवटचा दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो तो त्यासाठी.

या चित्रपटाला अडीच महिने होत नाहीत तोच, 28 एप्रिल 2014 ला जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात 17 वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून तो झाला, असा आरोप होता. साक्षीदार उलटले आणि 2017 मध्ये सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी 2013 च्या सुरुवातीला नेवासे तालुक्यातल्या सोनईत तिघा तरुणांना मारण्यात आलं होतं. त्याच्या मागेही आंतरजातीय प्रेमप्रकरण होतं. 'सैराट' ज्या करमाळ्यात घडतो तो तालुका जामखेडला लागून आहे. हा भूगोल बाजूला ठेवून 'सैराट'बद्दल बोलणं मला अपुरं वाटतं.

29 एप्रिल 2016 ला 'सैराट' आला. 100 कोटींचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. आर्ची-पार्श्याची गोष्ट पुन्हा सांगण्याची गरज नाही. मात्र पुढच्या वादासाठी त्यातली रचना नीट पाहायला हवी. पूर्वार्धात दोन्ही अंतरं एकावर एक बसलेली आहेत: पाटलांची सत्ता, गाड्या, शेती एका बाजूला आणि मासेमारी करणारं पारधी कुटुंब दुसऱ्या बाजूला. एवढ्यावरून कुणीही म्हणेल की हा श्रीमंत-गरिबीचा मामला आहे. उत्तरार्धात दिग्दर्शक यातलं एक अंतर पुसून टाकतो. हैदराबादच्या झोपडपट्टीत आर्ची आणि पार्श्या सारखेच कफल्लक आहेत. ती बाटल्या भरण्याच्या कारखान्यात राबते, तेलुगू शिकते. तो डोशाच्या गाडीवर उभा राहतो. भांडतात, तुटतात, जुळतात, हळूहळू संसाराला बरे दिवस येतात. पैशाची दरी पडद्यावर आपल्यासमोर बुजते. आणि तरीही माहेरची माणसं आहेर घेऊन दारात येतात. जे उरलं त्याने त्यांना मारलं, आणि उरली होती ती जातच.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. शिक्षा फक्त पळालेल्यांना होत नाही. पार्श्याच्या बापाला स्वतःच्याच जातीच्या पंचायतीसमोर हात जोडावे लागतात, कारण आता मुलीला स्थळ कोण देणार? पाटलाची राजकारणातली पत जाते. म्हणजे खुनामागे एका रागीट बापाचा स्वभाव एवढंच कारण नाही. गाव, पंचायत, पक्ष आणि नातेवाईक मिळून त्याला तिथवर ढकलतात.

20 जुलै 2018 च्या 'धडक'ने गोष्ट उदयपूरला नेली. मुलीचं घराणं राजेशाही थाटाचं आणि राजकारणातलं, मुलाच्या बापाचं तलावाकाठी हॉटेल. उंच जातीचा उल्लेख ओझरता येतो आणि निघून जातो. पळून गेल्यावर दोघं कोलकात्यात राहतात. 'झिंगाट' राहिलं, 'याड लागलं'ची चाल राहिली. या बदलाच्या बाजूने मांडला गेलेला मुद्दा असा होता की ठिकाण बदललं की ताणही बदलतो, राजस्थानात घराण्याची इभ्रत हीच खरी भिंत आहे, आणि देशभरच्या प्रेक्षकाला करमाळ्यातली उतरंड समजणार नाही. यातला पहिला भाग निव्वळ तत्त्व म्हणून मान्य करता येईल. रूपांतराला स्वातंत्र्य हवंच. पण इभ्रत हवेतून येत नाही, ती जातीतूनच येते, आणि राजस्थानात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. देशभरच्या प्रेक्षकाचा मुद्दा तर मुळीच टिकत नाही. 2017 मध्ये कन्नडमध्ये 'सैराट'चा 'मनसु मल्लिगे' झाला तेव्हा तर मराठीतलीच नायिका पुन्हा उभी राहिली. पंजाबी, उडिया, बंगालीतही ही गोष्ट गेली.

मला सर्वांत खटकतो तो शेवटातला बदल. 'सैराट'मध्ये दोघंही जातात आणि आवाज बंद होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं मूल परततं आणि रक्ताळलेल्या पावलांनी बाहेर पडतं. 'धडक'मध्ये मुलगा आणि बाळ मारले जातात, मुलगी वाचते. वरवर पाहता हा फरक धक्क्याचा वाटतो. पण मुलगी वाचल्यामुळे खुनाचा अर्थ पालटतो. घरच्यांनी आपली पोरगी परत मिळवली, परका काढून टाकला, असा तो होतो. करमाळ्याच्या गोष्टीत पोरगी स्वतःच बाटलेली ठरते, म्हणून तिलाही जगू दिलं जात नाही. जातीचा हिशेब हा असा असतो. श्रीमंतीच्या हिशेबात पोटच्या पोरीला मारायला कारण उरत नाही, म्हणूनच बहुधा हिंदीत ती वाचली.

'सैराट'ला महाराष्ट्रातही विरोध झाला, हे सांगायला हवं. 2016 च्याच जुलैमध्ये कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली आणि पुढे राज्यभर मराठा मोर्चे निघाले. आरक्षणाबरोबर अॅट्रॉसिटी कायद्यातल्या बदलांची मागणी होती. त्या तापलेल्या वातावरणात शाळकरी पोरांना बिघडवणारा, एका समाजाला बदनाम करणारा चित्रपट असा शिक्का 'सैराट'वर मारला गेला. कोपर्डीचं दुःख खरं होतं. त्याचा चित्रपटाशी जोडलेला संबंध मात्र ओढूनताणून आणलेला होता.

वयाचा प्रश्न कायद्याने वेगळ्या बाजूने अवघड केला आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानंतर 18 वर्षांखालच्या मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही. मुलांच्या संरक्षणासाठी हा कायदा लागतोच. पण पळून गेलेल्या जोडप्यांत मुलीच्या घरच्यांकडून मुलावर गुन्हा दाखल होतो, हे अनेक न्यायालयांनीही नोंदवलं आहे. 'सैराट'मध्ये पोलीस ठाण्यात आर्ची पार्श्या आणि त्याच्या मित्रांवरची खोटी तक्रार फाडते, तो प्रसंग म्हणूनच इतका ओळखीचा वाटतो. 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाप पंचायतींच्या हस्तक्षेपाविरुद्ध निकाल देताना अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारागृहांची सूचना केली. चार महिन्यांनी 'धडक' आला.

'सैराट'नंतर मराठीत गावाकडच्या प्रेमपटांची रांग लागली. बुलेट, विहीर, उसाचं शेत, अजय-अतुलच्या वळणाची गाणी हे सगळं घेतलं गेलं, आडनावं मात्र पुन्हा गप्प झाली. हिंदीत 'धडक 2'ने थेट जातीवर बोलायचं ठरवलं तेव्हा त्याला आधार लागला तो तमिळचा, 2018 च्या 'परियेरुम पेरुमाल'चा: कायद्याच्या कॉलेजातला दलित विद्यार्थी आणि वरच्या जातीतली वर्गमैत्रीण. सेन्सॉरने त्यातले जातीचे उल्लेख आणि काही संवाद बदलायला लावले, तेव्हाच त्याला पडदा मिळाला. ज्या नावाखाली सात वर्षांपूर्वी जात झाकली गेली होती, त्याच नावाखाली आता ती उघड बोलली गेली. तरीही करमाळ्याची मूळ गोष्ट हिंदीत जशीच्या तशी अजून आलेली नाही.