१०८० हा आकडा आला कुठून?

टीव्हीच्या संदर्भात दिसणारा हा आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या. बीबीसीने १९३६ साली लंडनमधून ४०५ रेषांचं, म्हणजे ४०५ आडव्या ओळींच्या चित्राचं, प्रक्षेपण सुरू केलं, तेव्हाही त्याला ‘हाय डेफिनिशन’च (एचडी) म्हणत. त्याआधीचं चित्र जेमतेम ३० रेषांचं असायचं, त्या मानाने ते सुस्पष्टच होतं.

आजच्या एचडीचं मूळ मात्र जपानमध्ये आहे. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने संशोधन हाती घेतलं आणि ११२५ रेषांची पद्धत उभी केली. ती जगाने स्वीकारावी असा प्रस्ताव १९८६ साली आला, पण युरोपने तो अडवला.

पडद्याचा आकार कसा ठरला, हे मला फार आवडतं. केर्न्स पॉवर्स या अमेरिकी अभियंत्याने सिनेमा आणि टीव्हीच्या प्रचलित चौकटींचे सारख्या क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत निघाला १६:९च्या (रुंदी १६, तर उंची ९) आसपास, आणि सगळ्यांत सामाईक असलेला आतलाही तेवढाच!

पुढचं काम गणिताने केलं. जुन्या डिजिटल मानकात ४:३च्या चित्राला एका ओळीत ७२० ठिपके (पिक्सेल) होते. दुप्पट केले की १४४०. १६:९चं चित्र त्याच्या ४/३ पट रुंद, म्हणून १९२०. ठिपके चौरस हवेत, हा संगणकवाल्यांचा आग्रह. मग उंची आपोआप १०८० येते.

खरा वाद पेटला तो ‘आय’ (इंटरलेस्ड, ओळी आळीपाळीने) आणि ‘पी’वरून (प्रोग्रेसिव्ह, सगळ्या ओळी एकदम). १०८०-आयमध्ये सेकंदाच्या एका साठाव्या भागात विषम ओळी येतात, पुढच्या साठाव्या भागात सम. तेवढ्यात धावपटूचा पाय पुढे गेलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ७२०-पीमध्ये ओळी ७२०च असतात, पण प्रत्येक वेळी अख्खं चित्र येतं. हिशेब केला तर सेकंदाला ७२०-पीचे साधारण ५.५ कोटी ठिपके होतात, १०८०-आयचे ६.२ कोटी, म्हणजे भार जवळपास सारखाच. अमेरिकेने १९९६ साली दोन्हींना मान्यता दिली. ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने खेळांसाठी ७२०-पी निवडलं, आणि माझ्या मते ते बरोबरच होतं. नुसता मोठा आकडा बघून १०८०-आयला सरस ठरवणं चूक आहे.

‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी पडद्यांवर तर प्रत्यक्षात १३६६ × ७६८ ठिपके होते. हा आकडा ना ७२०शी जुळतो, ना १०८०शी. त्यामुळे आलेलं प्रत्येक चित्र टीव्हीला ताणून किंवा आक्रसून बसवावं लागतं, आणि बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात त्या तिथेच.