उच्च न्यायालयातील कागदपत्रांचा ऑनलाइन शोध : सातारा व सांगली जिल्हे

उच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणांतील याचिका, अपिलाचे मेमो, प्रतिज्ञापत्रे, लेखी युक्तिवाद आणि त्यांवरील आदेश यांचा कायदेविषयक अभ्यासासाठी संगणकावरून माग काढण्याची ही पद्धत आहे. संकेतस्थळांवर सर्वांना खुले असतात ते न्यायालयाचे आदेश व निकाल. पक्षकारांनी दाखल केलेले कागद तेथे सहसा नसतात, आणि नवख्या अभ्यासकाचा वेळ मुख्यतः हा फरक न कळल्यामुळे वाया जातो.

मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना १८६२ मध्ये झाली. सातारा व सांगलीची प्रकरणे दीर्घकाळ मुंबईतील अपील शाखेकडे, म्हणजे जिल्ह्यांतून येणारी प्रकरणे हाताळणाऱ्या शाखेकडे, जात. १८ ऑगस्ट २०२५ पासून हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांच्यासह कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या (उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाच्या) कक्षेत आले. त्यामुळे शोध घेताना खंडपीठ आधी नीट निवडावे लागते, आणि त्या तारखेपूर्वीच्या निकालांसाठी मुंबईची अपील शाखाच पाहावी लागते. २०२३ पासून निकालांना तटस्थ संदर्भ क्रमांक (न्यूट्रल सायटेशन), म्हणजे न्यायालयानेच दिलेला, कोणत्याही प्रकाशकावर अवलंबून नसलेला क्रमांक, मिळू लागला. त्यात वर्षानंतर येणारी ‘बीएचसी-एएस’ ही अक्षरे अपील शाखा दाखवतात.

न्यायालयांच्या ई-कोर्ट या संगणकीय प्रणालीत प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असतो. जिल्हा न्यायालयातील दाव्याचा सीएनआर उच्च न्यायालयातील अपिलाला चालत नाही, कारण तेथे नवा क्रमांक पडतो. मात्र अपिलाच्या केस स्टेटसमध्ये (प्रकरणाची सद्यःस्थिती दाखवणाऱ्या पानावर) खालच्या न्यायालयाचे नाव व दाव्याचा क्रमांक नोंदलेला असल्यास दोन्ही टोके जुळवता येतात. नव्याने दाखल झालेले प्रकरण न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेल्या त्रुटी दूर होईपर्यंत स्टॅम्प क्रमांकावरच, म्हणजे तात्पुरत्या दाखल क्रमांकावरच, असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. क्रमांक हाती नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोध घेतात, पण नावे रोमन लिपीत भरलेली असल्याने ‘ज्ञानदेव’ कधी डी या अक्षराने तर कधी जी या अक्षराने सुरू होतो, ‘अण्णासो’ आणि ‘अण्णासाहेब’ ही एकाच माणसाची दोन नावे निघतात, आणि मूळ वादी मयत झाल्यावर प्रकरण वारसांच्या नावाने चालू राहते. नुसते ‘पाटील’ टाकून या भागात काहीच हाती लागत नाही.

कागद मिळाले नाहीत तरी त्यांचा आशय बऱ्याचदा निकालातच मिळतो. वाळवा तालुक्यातील शेतजमिनीच्या वाटपाचा दावा दुसऱ्या अपिलापर्यंत गेला असे धरले, तर अपील दाखल करून घेणाऱ्या आदेशात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० नुसार ठरवलेले कायद्याचे महत्त्वाचे प्रश्न दिलेले असतात, आणि अंतिम निकालाच्या आरंभी दाव्याचा व कैफियतीचा (प्रतिवादीच्या लेखी उत्तराचा) गोषवारा, पुढे दोन्ही वकिलांचे मुद्दे येतात. तथापि तो न्यायालयाने केलेला सारांश असतो. युक्तिवादातला नेमका शब्द हवा असेल तर त्यावर विसंबू नये.

मूळ कागदांसाठी नक्कल अर्जाचाच, म्हणजे न्यायालयाकडे प्रत मागण्याच्या अर्जाचाच, मार्ग उरतो. पक्षकार नसलेल्या व्यक्तीला असा अर्ज करताना प्रत कशासाठी हवी ते दाखवावे लागते. उच्च न्यायालयाच्या नियमांत प्रती देण्याची तरतूद असताना त्या माहिती अधिकाराखाली नव्हे तर त्या नियमांनुसारच मागाव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात दिला. लैंगिक गुन्ह्यांतील पीडितेची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई असल्यामुळे अशा प्रकरणांत तिच्या नावावरून शोध घेण्याचा उपयोग नसतो.

जुन्या निकालांबाबत जिल्ह्याच्या नावाने फसगत होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले; म्हणून तासगाव किंवा वाळव्याचा १९४९ पूर्वीचा खटला छापील निकालसंग्रहांत सातारा या नावाखाली सापडतो. त्यांपैकी मुंबईचे इंडियन लॉ रिपोर्ट्स १८७६ पासूनचे आहेत. सांगली संस्थान मात्र १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत त्याची न्यायालये वेगळी होती, तेव्हा संस्थानी मुलखातील त्यापूर्वीचा दावा या संग्रहांत शोधत बसण्यात अर्थ नाही.