उतरंड काढली की लोक मोकळे बोलतात, हा गैरसमज

मोठ्या संस्थांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: पदांची उतरंड मोडा, लोक आपोआप मोकळेपणाने बोलतील. तसे होत नाही. पदे गेली तरी अधिकार उरतोच; तो जुन्या, ओळखीपाळखीच्या किंवा मोठ्या आवाजाच्या माणसांकडे सरकतो, आणि त्यांना जाब विचारायची सोय राहत नाही.

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने धडकली; ५८३ जणांचा जीव गेला. समोरचे विमान बाजूला झाले का, अशी शंका उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरने (यंत्रणेवर लक्ष ठेवणाऱ्या सहकाऱ्याने) बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती झटकली. पुढे वैमानिकांचे प्रशिक्षण बदलले, पण कॅप्टनचे पद कुणी काढले नाही. सहकाऱ्यांना शंका स्पष्ट मांडायला आणि कॅप्टनला ती ऐकून घ्यायला शिकवले गेले.

टोयोटाच्या कारखान्यातही पदे आहेत, पण बोलायची वाट ठरलेली आहे: दोष दिसला की कामगार इशाऱ्याची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो. टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष सुटला नाही, तरच जुळणीची लाइन थांबते.

कार्यालयात ‘माझे दार सदैव उघडे’ म्हणून भागत नाही, कारण आत यायचे धाडस पुन्हा कनिष्ठानेच करायचे. त्यापेक्षा प्रत्येक निर्णयासमोर एकाच जबाबदार व्यक्तीचे नाव लिहा. हरकती बैठकीआधी, मुदत देऊन, लेखी मागवा. बैठकीत कनिष्ठ आधी बोलतील, साहेब शेवटी. साहेब आधी बोलले की बाकीचे री ओढतात. आणि हरकत नाकारली तर कारण दोन ओळींत कळवा. नेमकी हीच पायरी गाळली जाते, मग माणसे हरकती पाठवणेच बंद करतात.