जुना नेटवेअर सर्व्हर बंद करण्याआधी हे वाचा

तुमच्या ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरच्या काळ्या स्क्रीनवर साप वळवळताना दिसतो का? मग तो नेटवेअर, म्हणजे ऑफिसातल्या पीसींना जोडणाऱ्या सर्व्हरची जुनी सिस्टिम. काम वाढलं की त्या सापाची शेपटी लांबते. तुमचे जुने हिशेब त्यावर असतील, तर मशीन भंगारात देण्याआधी एवढं वाचाच.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या नॉव्हेल कंपनीनं १९८३ साली नेटवेअर आणलं. तेव्हा हार्ड डिस्क महाग होत्या. एक डिस्क आणि एक प्रिंटर सगळ्या पीसींनी मिळून वापरायचा, हे त्याचं काम, आणि ते त्यानं चोख केलं. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याचा तक्ता रॅममध्येच असायचा. आलेला डेटाही आधी रॅममध्ये जायचा, डिस्कवर क्षणभरानं. म्हणून ३८६ या जुन्या प्रोसेसरच्या साध्या मशीनवरही ते झपाट्यानं चालायचं. ३.११ आणि ३.१२ या आवृत्त्यांइतके भरवशाचे फाइल सर्व्हर त्या काळात क्वचितच होते.

१९९३ मध्ये आवृत्ती ४ आली, तीत सगळ्या संस्थेचे यूजर एकाच डिरेक्टरीत ठेवायची सोय होती. मायक्रोसॉफ्टची तशीच ॲक्टिव्ह डिरेक्टरी यायला २००० साल उजाडलं. तरी बाजी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी या सर्व्हर सिस्टिमनं मारली. एनटीवर डेटाबेस आणि ई-मेल चालवणं सोपं होतं. नेटवेअरमध्ये प्रोग्राम थेट सिस्टिमच्या गाभ्यात चालत, त्यामुळे एक बिघडला तर अख्खा सर्व्हर ‘अबेंड’ व्हायचा, म्हणजे बंद पडायचा. त्यातच टीसीपी/आयपी या नेटवर्क पद्धतीवर चालणारं इंटरनेट पसरलं आणि नेटवेअर १९९८ च्या आवृत्ती ५ पर्यंत मुख्यतः स्वतःच्या आयपीएक्स पद्धतीवरच राहिलं. नॉव्हेलनं १९९४ मध्ये वर्डपरफेक्ट हा वर्ड प्रोसेसर घेऊन दोन वर्षांत विकलं, पण आमच्या मते खरा फटका या उशिराचाच. २००३ ची ६.५ ही शेवटची आवृत्ती, तिचा नेहमीचा सपोर्ट मार्च २०१० मध्ये संपला.

आता तुमच्या मशीनविषयी. प्लग ओढू नका. रॅममधला डेटा डिस्कवर उतरलेला नसेल तर तो जातो आणि व्हॉल्यूम, म्हणजे फाइल्स ठेवलेला डिस्कचा भाग, बिघडू शकतो. सगळ्यांना लॉगआउट करायला सांगा. सर्व्हरवरच्या ‘मॉनिटर’ या प्रोग्रामच्या स्क्रीनवर ‘डर्टी कॅश बफर्स’ (डिस्कवर उतरायचा राहिलेला डेटा) समोर शून्य आलं की कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या स्क्रीन-कीबोर्डवर, ‘डाउन’ कमांड द्या.

डिस्क काढून विंडोज पीसीला लावू नका. विंडोजला ते पार्टिशन वाचता येत नाही, आणि रिकामं समजून कुणी फॉरमॅट केलं तर डेटा गेलाच. आवृत्ती ४ पासून बरेच दिवस न उघडलेल्या फाइल्स सर्व्हर आपणहून कॉम्प्रेस करून ठेवतो, त्यामुळे साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरनं त्या बाहेर काढल्या तरी उघडत नाहीत. सर्व्हर चालू असतानाच नेटवर्कवरून कॉपी घेणं सगळ्यात सुरक्षित. विंडोज व्हिस्टापासून आयपीएक्स मिळत नाही, म्हणून या कामासाठी आम्ही एक्सपीचा पीसी सोबत आणतो.

डेटा काढून घ्यायला आम्हाला फोन करण्याआधी कन्सोलवर ‘व्हर्जन’ कमांड द्या आणि दिसेल तो आकडा आम्हाला कळवा. ३.१२ आणि ४.११ साठी तयारी वेगळी करावी लागते.