कम्युनिटी कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला: कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरची पात्रता, कागद आणि तारखा

दहावीनंतर डिप्लोमा करायचा आणि इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा, ही वाट महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. कॅलिफोर्नियातली कम्युनिटी कॉलेजची वाट तिचीच चुलत बहीण म्हणावी. दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला. फरक एकच, पण तो सुरुवातीलाच नीट समजून घ्यावा. आपल्याकडे डिप्लोमा सगळाच्या सगळा धरतात. इथे एकेक कोर्स वेगळा तपासतात, आणि तो चालतो की नाही हे तुम्ही कुठल्या विद्यापीठात, कुठल्या विषयाला जाणार यावर ठरते. अर्ज दुसऱ्या वर्षी भरायचा असला तरी अर्धा निकाल पहिल्या सत्रातल्या कोर्सनिवडीतच लागलेला असतो.

बे एरियातल्या आपल्या लोकांत ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणताना अजून आवाज जरा खाली येतो. उगाच. पदवी देते ते विद्यापीठ, आणि प्रमाणपत्रावर नाव त्याचेच असते.

राज्यात अशी ११६ सरकारी कॉलेजे आहेत. हायस्कूल पूर्ण केलेल्या कोणालाही प्रवेश मिळतो. प्रवेश परीक्षा नाही, मेरिट लिस्ट नाही, अर्जाला पैसे नाहीत. ‘सीसीसी अप्लाय’वर ऑनलाइन अर्ज भरला की काम झाले. राज्याच्या रहिवाशाला युनिटमागे, म्हणजे कोर्सच्या एका क्रेडिटमागे, ४६ डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरला लागणाऱ्या ६० युनिटांचे २,७६० डॉलर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, म्हणजे यूसीत, एका वर्षाची फीच १४ हजारांच्या पुढे जाते.

पण हा दर ‘रहिवासी’ ठरलात तरच. त्यासाठी सत्र सुरू होण्याआधी किमान एक वर्ष आणि एक दिवस राज्यात प्रत्यक्ष राहिल्याचा, आणि इथेच राहण्याचा इरादा असल्याचा पुरावा लागतो: ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचे टॅक्स रिटर्न, भाडेकरार. मूल १८ च्या आत असेल तर आईवडिलांचा रहिवास पाहतात. एच-४ व्हिसावरची, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबातली, व्यक्ती रहिवासी ठरू शकते, एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरची नाही, आणि रहिवासी नसलेल्यांना युनिटमागे कितीतरी पट जास्त मोजावे लागतात. मुलाचे एच-४ वयाच्या २१ व्या वर्षी संपते. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्या घरांनी ही तारीख पदवीच्या मधोमध येते का, हे आधीच पाहून ठेवावे.

‘ट्रान्सफर होतो’ म्हणजे नेमके काय?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कॉलेजच्या माहितीपत्रकात कोर्सपुढे ‘यूसीला ट्रान्सफरेबल’ असे लिहिलेले दिसते आणि आपण निश्चिंत होतो. खरे तर प्रत्येक कोर्सला तीन वेगळे प्रश्न विचारायचे असतात. त्याची युनिटे विद्यापीठ मोजते का? तो सर्वांना सक्तीच्या सामान्य शिक्षणात, म्हणजे जी.ई.त, बसतो का? आणि माझ्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, जे पूर्वतयारीचे कोर्स लागतात, त्यांतल्या एखाद्याची जागा तो घेतो का? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आणि तिसऱ्याचे ‘नाही’, असे सर्रास होते. मग युनिटे ६० भरतात आणि मेजरची दारे बंदच राहतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकाच ठिकाणी अधिकृतपणे मिळते, ते म्हणजे ‘असिस्ट’ ही राज्याची वेबसाइट. वर्ष, आपले कॉलेज, विद्यापीठ आणि मेजर निवडा. पानाच्या डाव्या बाजूला विद्यापीठाचा कोर्स येतो, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा आपल्या कॉलेजचा. कधी डावीकडच्या एकासमोर उजवीकडे दोन कोर्स असतात आणि मध्ये ‘अँड’ असा बारीक शब्द असतो. तो ‘अँड’ नजरेतून सुटू देऊ नका: दोन्ही केले तरच एक मिळाला. आणि उजवीकडे ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’ असे असेल, तर तुमच्या कॉलेजात त्याला पर्याय नाही. शेजारच्या दुसऱ्या कॉलेजात आहे का ते पाहायचे.

शेजारच्या कॉलेजात जातानाही सांभाळून. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर पद्धतीने, म्हणजे वर्षाची तीन सत्रे करून, चालतात. फ्रीमाँटचे ओलोनी, सँटा क्लाराचे मिशन सेमिस्टरने, म्हणजे दोन सत्रांनी. क्वार्टरची युनिटे दीडने भागली की सेमिस्टरची होतात, म्हणून ६० च्या जागी ९० लागतात. हिशेब सोपा आहे, पण अभ्यासक्रमाचे तुकडे असे भागता येत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने कॅल्क्युलसचा पहिला भाग क्वार्टरच्या कॉलेजात केला आणि वेळ जुळत नाही म्हणून दुसरा सेमिस्टरच्या कॉलेजात. पहिल्यात जे शिकवायचे राहिले ते दुसऱ्याने झाले असे धरले होते. युनिटे मिळाली, पण मेजरसाठी जोडी पूर्ण धरली गेली नाही, आणि अख्खा उन्हाळा त्याच गणितात गेला. एक मालिका एकाच कॉलेजात संपवा, एवढे पथ्य पाळले तर हा त्रास टळतो.

जी.ई.चे मात्र हल्ली सोपे झाले आहे. पूर्वी यूसीसाठी एक यादी आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीसाठी, म्हणजे सीएसयूसाठी, दुसरी असायची. २०२५ च्या फॉलपासून, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रापासून, दोन्हींना ‘कॅल-जेटसी’ ही एकच यादी आहे: ११ कोर्स, ३४ युनिटे, प्रत्येकात किमान सी. इंग्रजी, संख्याशास्त्र अशा काही कोर्सना राज्यभर एकच क्रमांकही मिळू लागला आहे. ही यादी आधी संपवावी असा सल्ला सगळ्यांना सरसकट मिळतो. इंजिनिअरिंग किंवा विज्ञानाला जाणाऱ्याने मात्र आधी गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग घ्यावे असे माझे मत आहे. जी.ई.चे दोन कोर्स मागे राहिले तर नंतर करता येतात, कॅल्क्युलस मागे राहिले तर मेजरच हुकतो.

किमान पात्रता आणि हमीचे दोन मार्ग

यूसीला ६० युनिटे आणि सात कोर्सचा ठरलेला साचा लागतो: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक, आणि बाकीचे चार कला-मानव्य, समाजशास्त्रे, विज्ञान यांपैकी किमान दोन शाखांतले. जीपीए, म्हणजे चारपैकी श्रेणींची सरासरी, रहिवाशाला किमान २.४, बाहेरच्याला २.८. हा आकडा फक्त अर्जाच्या रांगेत उभे राहण्याचा आहे. बर्कली किंवा लॉस एंजेलिसला २.४ वर कोणी विचारत नाही. सीएसयूला ६० युनिटे, जीपीए २.० आणि ‘गोल्डन फोर’, म्हणजे भाषण, लेखन, तर्कविचार आणि गणित, या चारांत किमान सी वजा.

यूसीत नऊ पदवी कॅम्पस आहेत, त्यांतले डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा ‘टॅग’ नावाची लेखी प्रवेशहमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच भरायचा, तोही एकाच कॅम्पससाठी. जीपीएची अट प्रत्येकाची वेगळी, आणि गर्दीचे काही विषय कॅम्पस या हमीतून वगळतात, म्हणून आपल्या मेजरचे नाव त्या वर्षाच्या तक्त्यात आहे का ते आधी पाहा. टॅग भरला तरी नेहमीचा अर्ज भरावाच लागतो. सप्टेंबरमध्ये सुटकेचा निःश्वास टाकून नोव्हेंबर विसरणारे असतात.

सीएसयूची हमी वेगळी: ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ घेतली की प्रवेश नक्की, आणि उरलेली पदवी ६० युनिटांत. पण हमी सीएसयूच्या कुठल्यातरी कॅम्पसची असते, सॅन होजेचीच असे नाही.

तारखा आणि कागद

फॉलच्या प्रवेशासाठी दोन्ही विद्यापीठांचे अर्ज आदल्या वर्षी १ ऑक्टोबरपासून घेतात. शेवटचा दिवस नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. यूसीला कॅम्पसमागे ८० डॉलर, सीएसयूला ७०. यूसीला चार छोटी उत्तरे लिहावी लागतात, प्रत्येकी ३५० शब्दांच्या आत. त्यांतले मेजरची तयारी कशी केली हे सक्तीचे, बाकी तीन सातांतून निवडायची.

अर्जाबरोबर यूसी गुणपत्रक मागत नाही. ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवून प्रत्येक कोर्स, युनिटे आणि श्रेणी स्वतःच भरायची. मध्येच सोडलेला म्हणजे ‘डब्ल्यू’ शेरा लागलेला कोर्स, नापास झालेला, सगळे. जानेवारीत फॉलच्या श्रेणी आणि स्प्रिंगचे बेत भरायचा आणखी एक फॉर्म येतो. ३१ जानेवारीपर्यंत तो द्यायचा असतो. यूसीचे निकाल एप्रिलअखेरपर्यंत लागतात आणि होकार १ जूनपर्यंत कळवायचा.

अंतिम ट्रान्स्क्रिप्ट १ जुलैपर्यंत पोहोचायला हवे, आणि ते कॉलेजकडूनच थेट विद्यापीठाला जाते. तुम्ही जोडलेली पीडीएफ चालत नाही. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे, गुण १५ जुलैपर्यंत. ज्या कॉलेजात शेवटी शिकलात त्याच्याकडे कॅल-जेटसीचे प्रमाणपत्र स्वतः मागावे लागते, कोणी आपणहून पाठवत नाही.

जितक्या कॉलेजांत नाव घातले तितकी ट्रान्स्क्रिप्ट. यात हायस्कूलमध्ये असताना ‘ड्युअल एन्रोलमेंट’मध्ये केलेला एखादा उन्हाळी कोर्सही आला. दहावीतल्या पोराने सहज घेतलेल्या त्या कोर्समधला ‘डी’ सुद्धा जीपीएत मोजला जातो. आणि हायस्कूल संपायच्या आत असे कोर्स कितीही केले, तरी त्यांवर ट्रान्सफर म्हणून अर्ज करता येत नाही. तो मुलगा पहिल्या वर्षाचाच उमेदवार राहतो, कोर्सची युनिटे मात्र त्याच्या खात्यात जमा असतात.