सातबाऱ्यावरचा कंस आणि यंत्राची आठवण

शहादा कोणत्या जिल्ह्यात? आज विचाराल तर नंदुरबार. १९९५ साली हेच उत्तर चूक ठरलं असतं, कारण नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. आणि १९५० सालचा एखादा कागद काढलात, तर त्यावर पश्चिम खानदेश लिहिलेलं सापडेल. गाव हललं नाही, गोमाई नदीसुद्धा तिथंच आहे. उत्तरं मात्र तीन, आणि आपापल्या काळात तिन्ही खरी.

एआयच्या मदतनिसाला ठेच लागते ती इथंच.

असा मदतनीस तुमची जुनी बोलणी तुकड्यातुकड्यानं साठवतो. प्रत्येक तुकड्याची शेकडो आकड्यांची एक माळ होते. अर्थ जवळचा असला की माळाही एकमेकींच्या जवळ येतात. तुम्ही प्रश्न विचारला की त्याचीही माळ करायची, तिच्या जवळचे तुकडे शोधायचे आणि ते उत्तर लिहिणाऱ्या मॉडेलसमोर ठेवायचे. युक्ती नामी आहे. ‘घड कधी कापायचे’ असं विचारलं तरी ‘केळीची काढणी’ ही नोंद सापडते, दोन्हींत एकही शब्द सारखा नसताना. पण या माळेत तारखेला भरवशाची जागा नसते. ‘आज केळीना भाव काय शे?’ या प्रश्नाला कालची नोंद जेवढी जवळची, जवळपास तेवढीच गेल्या श्रावणातली. त्यातून श्रावणातलं वाक्य प्रश्नाशी अधिक मिळतंजुळतं असेल तर तेच वर येणार. उत्तर छान ठामपणे मिळतं, भाव मात्र शिळा.

यावर पहिला उपाय म्हणजे विसरण्याचा. २०२३ साली स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी पंचवीस कृत्रिम पात्रांचं एक खेळातलं गाव वसवलं. त्या पात्रांना काय आठवावं, हे तीन गोष्टींच्या बेरजेवर ठरे: नोंद किती ताजी, किती महत्त्वाची आणि प्रश्नाशी किती संबंधित. ताजेपणाचा गुण खेळातल्या दर तासाला ०.९९५ पट होई. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साधारण १३८ तासांत, म्हणजे सहा दिवसही पुरे होण्याआधी, तो निम्म्यावर येतो.

भावासाठी हे ठीक. पण सगळ्यालाच एक माप लावलं तर घोळ होतो. आईला पेनिसिलीन चालत नाही, ही दहा वर्षांपूर्वीची नोंद सहा दिवसांत कशी फिकी पडून चालेल? शेतातली जमीन काळी कसदार आहे, हेही दर आठवड्याला बदलत नाही. आणि ‘मागच्या कांदेबागेला कोणतं खत टाकलं होतं?’ (कांदेबाग हा केळीच्या लागवडीचा एक हंगाम) असं विचारलं तर ताजेपणाचा गुण उलट आडवा येतो. तिथं त्या हंगामाच्या तारखांत बसणाऱ्याच नोंदी आधी गाळून घ्याव्या लागतात, जवळचं-लांबचं मग.

माझ्या मते खरी गंमत याच्या पुढे आहे, आणि ती आपल्या महसूल दप्तराला कधीपासून ठाऊक आहे. खातेदार वारला की सातबाऱ्यावरचं त्याचं नाव खोडून टाकत नाहीत. फेरफार होतो, नावाला कंस होतो, वारसांची नावं चढतात आणि फेरफाराचा क्रमांक दिसतो. समजा, आजोबा मार्चमध्ये गेले आणि नोंद ऑगस्टमध्ये मंजूर झाली. मेमध्ये जमीन कोणाची? खरी पाहिली तर वारसांची, उताऱ्यावर आजोबांची. म्हणजे एकाच गोष्टीला दोन काळ: ती घडली केव्हा, आणि दप्तराला कळली केव्हा. डेटाबेसवाले याला बायटेम्पोरल, म्हणजे दोन काळांचं, म्हणतात. डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल, तिच्या २०११च्या प्रमाणात या दोन्ही काळांची सोय आली.

आता हेच मदतनिसाच्या आठवणीला लावा. जूनमध्ये तुम्ही त्याला सांगता, ‘मी मार्चपासून जळगावात आहे, नाशिक सोडलं.’ नाशिकची नोंद पुसायची नाही, तिला मार्चपाशी कंस घालायचा. जळगावच्या नोंदीवर दोन तारखा पडतात: लागू मार्चपासून, कळली जूनमध्ये. मग ‘नाशिकला भाडं किती होतं?’ हेही विचारता येतं. आणि एप्रिलमध्ये त्यानं तुम्हाला नाशिकचा डॉक्टर का सुचवला, याचाही उलगडा होतो: तेव्हा त्याला तेवढंच माहीत होतं. नोंद पुसली असती तर ही चूक कुठून आली ते कुणालाच सांगता आलं नसतं.

एक अडचण मात्र उरते, आपल्या बोलण्याची. आपण तारखा सांगतच नाही. ‘मृगबाग लावली तेव्हा’, ‘कानबाईच्या सणाआधी’, ‘आखाजीला माहेरी आले होते’. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २०२४ साली १० मे रोजी होती, २०२५ साली ३० एप्रिलला. म्हणजे यंत्राकडे पंचांग हवंच, आणि बोलणारा कधी बोलला हेही. त्यातही ५ मे २०२५ रोजी कोणी ‘मागच्या आखाजीला’ म्हणालं, तर ती पाच दिवसांपूर्वीची की वर्षापूर्वीची? इथं यंत्रानं अंदाज न बांधता सरळ विचारावं. आमच्या घरीही विचारावंच लागतं.