पन्नास वर्षांहून जुन्या स्पोर्ट्स कारची ‘विंटेज’ नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

जुनी स्पोर्ट्स कार घरच्या आवारात उभी करून, सुट्टीच्या दिवशी एकेक भाग सोडवत ती पुन्हा चालती करण्याचा छंद आता विदर्भातील तालुक्याच्या गावांतही दिसू लागला आहे. या छंदात पहिला पाना फिरवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे हाती असली पाहिजेत. गाडी कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न आणि दुरुस्तीनंतर ती कोणत्या वर्गात नोंदवायची आहे, हा दुसरा. रंगकामापर्यंत पोहोचल्यावर हे प्रश्न काढले, तर केलेली मेहनतच कधी कधी नोंदणीच्या आड येते. म्हणून येथे दुरुस्ती आणि नोंदणी यांचा विचार एकत्र केला आहे.

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये नियम ८१अ आणि त्यापुढील नियम घातले आणि विंटेज वाहनांसाठी देशभर एकच पद्धत ठरवून दिली. प्रथम नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली दुचाकी किंवा खासगी वापराची चारचाकी मोटार या नियमांखाली विंटेज ठरू शकते आणि परदेशातून आणलेल्या गाडीलाही हीच अट लागू आहे. मात्र केवळ वय पुरेसे नाही. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चेसिस (चाके आणि इंजिन ज्यावर बसते ती खालची चौकट), बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल करणारी मोठी दुरुस्ती तिच्यावर झालेली नसावी, ही दुसरी अट तितक्याच वजनाची आहे. त्यामुळे १९५० च्या दशकातील एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार किंवा मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६० च्या दशकात बनवलेली स्टँडर्ड हेरल्ड सहज पात्र ठरू शकते. पण तीच हेरल्ड डिझेल इंजिन घालून वापरली गेली असेल, तर वय पुरेसे असूनही अडचण येते. पेट्रोल परवडत नाही म्हणून जुन्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवण्याची रीत आपल्याकडे एके काळी सर्रास होती. गाडी विकत घेताना बोनेट उघडून इंजिन क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. तो जुळत नसेल, तर मूळ इंजिन त्याच आवारात कुठे पडले आहे का याची चौकशी सौदा होण्याआधीच करावी.

दुरुस्ती करताना जपायच्या गोष्टी

घरी काम करणाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त नुकसान होते ते चेसिस क्रमांकाचे. वर्षानुवर्षे गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या चेसिसवर गंज, ग्रीस आणि जुन्या रंगाचे थर असतात, आणि ग्राइंडर लावून ते पाच मिनिटांत साफ करण्याचा मोह होतो. तसे केल्यास ठोकलेले आकडे गंजाबरोबर निघून जातात आणि पुसट झालेला क्रमांक तपासणी अधिकाऱ्याच्या मनात थेट चोरीच्या गाडीची शंका उभी करतो. क्रमांकाची जागा आधी शोधावी, तिथे रॉकेल किंवा डिझेलचा बोळा रात्रभर ठेवावा, सकाळी मऊ ब्रशने घासावे आणि आकडे दिसू लागताच हात थांबवावा. त्यानंतर पातळ कागद क्रमांकावर घट्ट धरून पेन्सिलीचे शिसे आडवे घासले, की आकडे कागदावर उमटतात. आरटीओच्या भाषेतील ‘पेन्सिल प्रिंट’ ती हीच. अर्जांवर ती चिकटवावी लागते, म्हणून अशा चार-पाच प्रती आधीच काढून ठेवाव्यात, आणि रंग देताना त्या जागेवर जाड थर बसू देऊ नये.

लाकडाचा प्रश्न विदर्भात विशेष जाणवतो. एमजीच्या टी मालिकेतील गाड्यांचा पत्रा ॲश लाकडाच्या चौकटीवर बसवलेला असतो, आणि आपल्याकडे मातीच्या जमिनीवर उभ्या गाडीला उधई लागायला दोन पावसाळेही लागत नाहीत. पत्रा वरून धड दिसतो; दार उघडले, की बिजागरीचे स्क्रू भुशासह बाहेर येतात. अशी चौकट बदलावीच लागते, पण बदलताना मूळ मापाची आणि मूळ जोडांची लाकडी चौकटच करावी. लोखंडी चौरस पाइप वेल्ड करून सांगाडा उभा करणे मिस्त्रीला सोपे आणि स्वस्त पडते, तरीही तो सांगाड्यातील बदल ठरतो आणि नियमाच्या अटीला थेट बाधा आणतो. हेरल्डची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिला स्वतंत्र चेसिस असल्यामुळे बॉडी वर उचलून खालचे काम करता येते. चेसिसपासून बाजूला निघालेले आधार कुजलेले असतील, तर त्याच मापाच्या आणि त्याच जाडीच्या पत्र्याने ते दुरुस्त करावेत, चेसिसची लांबी-रुंदी मात्र बदलू नये. प्रत्येक टप्प्याचे, म्हणजे काढण्यापूर्वीचे, उघडे केलेले आणि बसवल्यानंतरचे छायाचित्र काढून तारखेसह जपावे. नियमाने अशी छायाचित्रे मागितलेली नाहीत. तरीही नोंदणीआधी राज्याच्या तपासणी समितीपुढे गाडी उभी राहते तेव्हा काय बदलले आणि काय मूळचे आहे, हे दाखवण्याचा याहून भक्कम पुरावा माझ्या मते दुसरा नाही.

मालकी आणि जुने आरसी बुक

ग्रामीण भागातील गाड्यांबाबत खरी गुंतागुंत येथे आहे. गाडी आजोबांच्या नावावर असते, आजोबा आणि वडील दोघेही हयात नसतात, आणि घरातील सर्वांची समजूत अशी असते, की शेताच्या सात-बाऱ्यावर वारसांची नावे चढली म्हणजे गाडीही आपोआप नावावर झाली. तलाठ्याकडील वारस नोंद जमिनीपुरती असते. गाडीशी तिचा संबंध नाही. नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलण्यासाठी नमुना ३१ मध्ये वेगळा अर्ज करावा लागतो. त्याला मृत्यूचा दाखला, आरसी बुक, विमा आणि वारस असल्याचा पुरावा जोडावा लागतो. वारस एकाहून अधिक असतील, तर इतरांची लेखी संमती प्रतिज्ञापत्रावर घेणे शहाणपणाचे ठरते. वारसांत वाद असेल किंवा कार्यालयाने मागणी केली असेल, तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळवावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम दुरुस्तीबरोबरच सुरू करावे. गाडी विकत घेतली असेल, तर विक्रीची सूचना नमुना २९ मध्ये आणि हस्तांतरणाचा अर्ज नमुना ३० मध्ये भरावा लागतो, आणि विक्रेता जिवंत असून सही द्यायला तयार आहे तोवरच हे दोन्ही नमुने भरून घ्यावेत.

जुनी नोंद शोधताना जिल्ह्याचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यानंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. त्यामुळे १९५० च्या दशकातील आरसी बुकावर दुसऱ्याच राज्याचे नाव छापलेले आढळले, तर ते बनावट समजून बाजूला टाकू नये. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणून आमगाव किंवा सालेकसा येथे उभ्या असलेल्या गाडीची मूळ नोंद गोंदियाच्या कार्यालयात नसेल, तर भंडारा आणि नागपूर येथे चौकशी करावी. एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचे तीन अक्षरी क्रमांक अनेकदा संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत नसतात. अशा वेळी मूळ कार्यालयातून जुनी वही काढून ‘बॅकलॉग’ नोंद करून घ्यावी लागते, आणि ती झाल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. आरसी बुक हरवले असेल, तर पोलीस ठाण्यात तशी नोंद करून तिची प्रत घ्यावी आणि नमुना २६ मध्ये दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करावा. कोणताच कागद नाही, क्रमांकाची पाटी नाही आणि कोणत्याही कार्यालयात नोंद सापडत नाही, अशी गाडी कितीही सुंदर असली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्ज

गाडी नावावर झाल्यानंतर अर्ज स्वतः फार अवघड नाही. परिवहन पोर्टलवर नमुना २० मध्ये अर्ज भरावा. त्यासोबत विमा पॉलिसी, विहित शुल्क, गाडी आयात केलेली असल्यास सीमाशुल्क विभागाचे बिल ऑफ एन्ट्री आणि भारतात आधी नोंदणी झालेली असल्यास जुने आरसी बुक जोडावे. नव्या विंटेज नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत दहा वर्षे असते. त्यानंतरच्या पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये भरावे लागतात. विमा घेताना एक गोष्ट विचारून घ्यावी : जुन्या मोटार विमा टॅरिफमध्ये (विम्याचे दर आणि अटी यांच्या नियमावलीत) ‘विंटेज कार’ याचा अर्थ १९४० अखेरपूर्वी बनलेली गाडी असा आहे, त्यामुळे आरटीओच्या दृष्टीने विंटेज असलेली हेरल्ड विमा कंपनीच्या दृष्टीने साधी जुनी गाडी ठरू शकते. तृतीय पक्ष विमा मात्र सर्वांनाच अनिवार्य आहे.

राज्याने नेमलेला नोडल अधिकारी अर्ज पाहतो आणि राज्याची समिती गाडीची प्रत्यक्ष तपासणी करून ती विंटेज म्हणून नोंदण्यास योग्य आहे की नाही, हे ठरवते. मान्यता मिळाल्यास नमुना २३अ मध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळते; त्यासाठी साठ दिवसांची मुदत ठरवलेली आहे. नव्या क्रमांकात राज्याची अक्षरे, मग ‘व्हीए’, मग मालिकेची दोन अक्षरे आणि ०००१ ते ९९९९ मधील आकडा असतो. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुनाच क्रमांक कायम ठेवता येतो, आणि आजोबांच्या काळातील तीन अक्षरी क्रमांक हाही त्या गाडीचा वारसा असल्यामुळे तो ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन.

नोंदणी वैध होईपर्यंत गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये. चाचणी आपल्या आवारात घ्यावी आणि तपासणीसाठी न्यायची झाल्यास ती दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी. नोंदणीनंतरही वापरावर मर्यादा आहेत. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ही गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला किंवा भाड्याने ती वापरता येत नाही, आणि लग्नसराईत वरातीसाठी पैसे घेऊन गाडी देणे हा व्यावसायिक वापरच आहे. गाडी विकल्यास विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आपापल्या परिवहन कार्यालयाला नव्वद दिवसांच्या आत कळवावे लागते.

पन्नास वर्षे पूर्ण न झालेल्या गाडीला हा मार्ग खुला नाही. तिच्यासाठी नमुना २५ मध्ये नेहमीच्या नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत गाडीची तपासणी, पीयूसी, विमा आणि पर्यावरण कर यांची पूर्तता करावी लागते. हे नूतनीकरण पाच वर्षांसाठी असते. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ८०,००० रुपये शुल्क आहे. उशीर झाल्यास मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा पडतात. पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारातच जाते, ही समजूत दिल्ली परिसरातील निर्बंधांमुळे पसरली असली, तरी विदर्भात तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्या खासगी गाडीचे नूतनीकरण होते. पन्नाशीला दोन-तीन वर्षेच उरलेली असतील, तर तो काळ वारसांच्या आणि बॅकलॉगच्या कामाला द्यावा आणि अर्ज थेट विंटेज वर्गात करावा, हे खर्चाच्या दृष्टीने अधिक परवडते.